बंद चक्कीची खटखट

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि नंदनवन मोहल्ल्यातली आमची पिठाची चक्की मीच चालवत होतो. आजही मीच चालवतो, कोणाच्या पोटात दुखत असेल तं दुखो.

आधीच सांगून ठेवतो – भूतबित मी मानत नाही. आमच्या बापानं धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी भगत, भानामती, उतारा सगळं घराबाहेर गेलं. म्हणून हे लिहितानाच मले राग येऊन राहिला. पण झालं ते झालं.

माझा डावा कान मेलेला आहे. पट्ट्याकडचा कान तो, चाळीस वर्षं चक्कीनं खाल्ला. डॉक्टरनं मशीन लावून पाहिलं, म्हणाला, यात आता काही उरलं नाही. उजवा अर्धामुर्धा चालतो. घरी मी "जरा कमी ऐकू येते" एवढंच सांगितलं होतं. चक्कीवाल्याचा कान गेला हे मोहल्लाभर काहून सांगायचं?

कारण आमच्या धंद्यात दगड कानानं पारखतात. दगड गुळगुळीत झाला की त्याले टाकी लावायची, म्हणजे छन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचा. मंग बसवायच्या आधी हातोडीनं हलकेच वाजवून पाहायचा. चांगला दगड टण्ण वाजते. तडकलेला भद्द वाजते. आणि तडकलेला दगड फिरवला तं कधी फुटून कोणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही.

त्या वर्षी माझी नात अस्मिता रामटेकहून कॉलेजसाठी आमच्याकडे राहायले आली. एकोणीस वर्षांची. पोरीचे कान असे, की कुकरची शिटी झाली तरी दोन्ही हातांनी कान दाबून बाथरूममध्ये पळे. मिक्सर लावला की रडकुंडीले येई. मी म्हणे, नखरे. आणि हीच पोरगी दिवसभर डोक्यावर ते मोठाले हेडफोन चढवून कोण्या गोऱ्या पोरांचं रॉक गाणं ऐके. एकच गाणं! ढोल बडवून राहिले, गिटार किंचाळून राहिली, आणि गाणारा तं असा ओरडे, जसा कोणी त्याचा पाय दारात चेचला.

"काहून वं," मी म्हटलं, "शिटी सहन होत नाही अन् हा धिंगाणा सहन होते?"

"आबाजी, शिटी कधी होईल ते मले माहीत नसते. या गाण्यात पुढचा ठोका कुठं पडणार ते माहीत असते. सगळीकडून अंगावर येते, पण दगा नाही देत." मंग थांबून म्हणाली, "तुमच्या चक्कीत मात्र एक ठोका दगा देऊन राहिला. चार दिवस झाले. खट... खट. दगडातून येते."

माझं डोकं सणकलं. "तू मले चक्की शिकवते? दगडाले टाकी मी लावली. वाजवून बसवला मी!"

वाजवला होता, हे खरं. ऐकला नव्हता. हातोडी मारली, मान हलवली, "बराबर आहे" म्हटलं आणि बसवला. दोन वर्षं मी हेच करून राहिलो होतो.

पोरीनं बॅग भरायले घेतली. "मी हॉस्टेलवर जाते. ती खटखट डोक्यातून जात नाही, अन् तुम्ही माझं ऐकत नाही."

"अजी, एकदा ऐकून तं घ्या तिचं!" माझी म्हातारी ओरडली.

दुपारचा एक वाजला होता. लाइन गेलेली. पंखा बंद, चक्की बंद, दळणाचे पाच-सहा डबे रांगेत. मी चिडून म्हटलं, "आण ते तुझं. लाव माझ्या कानाले. पाहू कोणाले काय होते."

"आवाज कमी ठेवू?"

"पूर्ण ठेव!"

आधी उजव्या कानात नुसता गोंगाट. मी तोंड वाकडं केलं. आणि मंग... डावीकडून ढोल आला. मेलेल्या कानातून! नुसता आवाज नाही. दाढा शिवशिवल्या. जिभेवर तापलेल्या दगडाची चव आली. हातावरचं पीठ कण-कण वेगळं टोचायले लागलं. शर्टाची गुंडी गळ्याले कापून राहिली. म्हातारीनं तिकडं स्टीलचा गिलास ठेवला, तो मले थोबाडीत बसल्यासारखा वाटला. एवढं सगळं घेऊन ही पोरगी रोज जगते?

आणि त्या सगळ्याच्या खाली – खट... खट. ढोलासोबत नाही. ढोलाच्या मागून, लंगडत.

मी हेडफोन काढून फेकला. "हे खट-खट गाण्यातलंच आहे ना?"

तिनं पुन्हा लावून ऐकलं. तोंड उतरलं तिचं. "नाही आबाजी. गाण्यात तसं काहीच नाही. ते तुमच्या चक्कीतलं आहे. पण चक्की तं बंद आहे ना!"

पाना घेऊन मी झाकण खोललं. मधल्या भोकापासून काठापर्यंत दगडाले केसाएवढी चीर, आत पीठ दाबून बसलेलं. जिथं मी टाकी जास्त जोरात मारली, बराबर तिथूनच सुरू. त्याच्या समोर बाया डबे घेऊन उभ्या राहतात. लाइन आली की मी बटन दाबणार होतो. मी तिथंच पिठात बसलो.

पुण्याहून पोरगा फोनवर म्हणे, "बाबा, आवाज हाडातून जातो." अरे, माझी हाडं चाळीस वर्षं चक्कीत हलून राहिली, मंग रोज काहून नाही ऐकू आलं? आणि बंद चक्कीचा आवाज कोणत्या हाडातून येते गा? डॉक्टरनं पुन्हा तपासलं – डावा कान तसाच, मुर्दाड. ते गाणं मी त्यानंतर वीसेक वेळा ऐकलं असेल. उजवा कान ठणकतो, डाव्यात काहीच नाही. म्हातारी म्हणते, "आता केस वाढवायचेच राहिले तुमचे." ज्याले कळलं असेल त्यानं मले समजावून सांगावं. मले तं नाही कळलं, आणि याचाच संताप येते.

झाकण खोललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवा दगड आणला. चार-पाच बाया डबे घेऊन उभ्याच होत्या. मी हातोडी मारली. मान हलवली नाही. बॅगेजवळ बसलेल्या अस्मिताले हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मले ऐकू येत नाही, पोरी. तू सांग, कसा वाजते?"