विन टुही विचारायची, कसं दुखतंय?

विन टुहीला मी चेहऱ्याने ओळखायच्या कितीतरी आधी आवाजाने ओळखत होते. आमच्याकडे तसंच असायचं. गुरांचं एकेक कुरण तालुक्याएवढं, मधे नुसती लाल माती, आणि शेजारीण म्हणजे सत्तर मैलांवरून येणारा आवाज. सकाळचा नाश्ता आटोपला की घरोघरची बाई रेडिओपाशी बसायची, कारण तेव्हा गावाहून विमानाचे डॉक्टर स्पेन्स रेडिओवर यायचे. कुणाला काय झालंय ते आपण सांगायचं, ते घरोघरी ठेवलेल्या औषधाच्या पेटीतल्या बाटलीचा नंबर सांगणार, ती द्यायची. फारच असेल तर ते विमान घेऊन येणार. आणि हे सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. कुणाची मूळव्याध, कुणाची उलटी, काही म्हणजे काही झाकून राहायचं नाही.

विन बॅरिंगा कुरणावर आली ती तिथल्या मॅनेजरशी, आर्ची टुहीशी लग्न करून. त्याआधी ती किनाऱ्यावरच्या रॉकहॅम्प्टन शहरात एका कापडदुकानात बटणं आणि फिती विकायची. ही पहिला उन्हाळासुद्धा काढणार नाही, असं आमच्यातल्या बऱ्याच जणींचं मत होतं. माझंही होतं.

तिचा पहिला रोगी बॅरिंगाचा म्हातारा आचारी.

"याच्या छातीत दुखतंय, डॉक्टर," ती म्हणाली.

"कसं दुखतंय?"

"खूप."

"मिसेस टुही, मी तुमच्यापासून दीडशे मैलांवर बसलोय. मला त्याचं तोंड दिसत नाही, हात लावून बघता येत नाही. तुम्ही जो शब्द सांगाल त्यावरच मला चालायचंय. पेन आहे, की नुसतं सोअर आहे?"

दुसरी कुणी असती तर काहीतरी ठोकून दिलं असतं. विन म्हणाली, "डॉक्टर, दोन्हींत फरक काय ते मला माहीत नाही. सांगाल का?"

सगळा मुलूख ऐकत असताना असं विचारायला धाडस लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, आणि आपापल्या स्वयंपाकघरात बसून आम्हीही शिकलो. आयुष्यभर इंग्रजी बोलत आलो, पण हे शब्द आम्ही वाटेल तसे वापरत होतो. पेन म्हणजे कळ. काही केलं नाही तरी आपणहून येते, माणसाला वाकवते. सोअर म्हणजे स्वस्थ पडलं तर काही नाही, पण हात लावला, हललं, खोकलं की हुळहुळतं. आणि 'हेडेक'च्या शेपटीला असतं ते तिसरं, आतून धिमं, दिवसभर रेटत राहणारं. आचाऱ्याचं दुखणं सोअर निघालं. पिठाचं पोतं उचलताना त्याची बरगडी दुखावली होती.

खरी अडचण गुराख्यांची होती. ती माणसं घोड्यावरून पडून हाड मोडलं तरी एकच शब्द काढत, 'क्रूक'. म्हणजे बरं नाही. ताप आला तरी क्रूक, साप चावला तरी थोडं क्रूक. त्यांना "कसं वाटतंय?" विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. पण विनने बटणांच्या गल्ल्यावर वर्षं काढली होती. गिऱ्हाइकाला कसला रंग हवा असं विचारलं की त्याला सांगता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. दोन बटणं पुढे ठेवायची आणि यातलं जवळचं कुठलं, एवढंच विचारायचं. इथेही ती तेच करायला लागली. टोचतंय की जळतंय? येऊन जातंय की बसून आहे? माणूस चिडायचा, टोपी चुरगाळायचा, पण एक उचलायचा.

"बाईंच्या दुकानात आता दुखणी मिळतात म्हणे," गुराखी म्हणायचे.

"मिळतात ना. तुला कुठलं देऊ? तुझ्या मापाचं नवीन आलंय," ती म्हणायची.

तिची पाळी आली की आम्ही हातातलं काम खाली ठेवायचो. रेडिओवर तिचं सांगणं इतकं नेमकं असायचं, की डॉक्टरांनी बाटलीचा नंबर सांगायच्या आधीच माझा नवरा पैजेवर नंबर बोलायचा.

एका हिवाळ्यात गुरं गोळा करायचं काम चाललं होतं आणि रेग डनवुडी आजारी पडला. रेग म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा गडी, आठवड्याला दहा वाक्यं बोलला तर खूप. पोटात दुखतंय, एवढं तो बोलला म्हणजे आर्चीने काम थांबवायलाच हवं होतं, आणि त्याने थांबवलं. विनने डॉक्टरांना सांगितलं, पेन आहे, उजवीकडे खाली, लाटांसारखी येतेय. डॉक्टर म्हणाले, काही खायला देऊ नका, एरंडेल तर मुळीच नको, सकाळी पहिल्यांदा तुम्ही बोला.

त्या सकाळचं विमान माझ्याकडे यायचं होतं. घोड्याने मला कुंपणावर फेकलं होतं आणि मनगट मोडलं होतं. मी बॅग भरून, हात गळ्यात बांधून रेडिओपाशी बसले होते.

तिकडे बॅरिंगाला पहाटे रेगची कळ एकदम थांबली. त्याने चहा मागितला. आर्चीला हायसं वाटलं.

"डॉक्टरांना कळवून टाक, विन. बरा झालाय गडी."

"चहा देऊ नकोस अजून," असं म्हणून विन रेगच्या खाटेपाशी बसली. "रेग, कळ गेली?"

"गेली, बाई."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग असा लाकडासारखा का पडलायस? कूस बदल बघू."

रेग हलला नाही.

"पेन नाही म्हणतोस. सोअर आहे?"

"सोअर आहे," तो छताकडे बघत म्हणाला.

"कुठे? कालच्याच जागी?"

"सगळीकडे."

हे संभाषण मला पुढे आर्चीने सांगितलं. रेडिओवर मी ऐकलं ते एवढंच. विन आली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. "डॉक्टर, काल मी पेन म्हणाले होते. आज पेन नाही. आज सोअर आहे, सगळ्या पोटात. मी शब्द बदलतेय, आणि विचार करून बदलतेय."

डॉक्टरांनी विचारलं, "पोट मऊ आहे?"

"नाही. फळीसारखं लागतंय."

"त्याला उठवू नका. पाणीसुद्धा नको." मग डॉक्टर क्षणभर थांबले, आणि मला कळलं ते का थांबलेत. विमान एकच होतं.

मी बटण दाबलं. "डॉक्टर, एनिड बोलतेय. माझं मनगट थांबेल. तुम्ही बॅरिंगाला जा."

"तुझं कसं दुखतंय, एनिड?" हे विनने विचारलं. तशा वेळीही विचारलं.

"बोटं हलतायत. आणि कळ आहे, पण शिव्या देता येतायत."

"मग थांबेल," ती म्हणाली.

रेगला ट्रकमधून धावपट्टीवर न्यायचं म्हणजे प्रत्येक खड्ड्यात मरण. विनने भांडारघराचं दार बिजागरीतून काढायला लावलं, त्यावर त्याला झोपवलं, आणि सहा गुराखी ते दार खांद्यावर घेऊन चालत गेले. त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. फुटलं की कळ थांबते आणि माणसाला वाटतं आपण सुटलो. दुपार झाली असती तर शस्त्रक्रिया करून उपयोग झाला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. माझा हात दुसऱ्या दिवशी बसवला. किंचित वाकडाच बसला, पण कणीक मळायला चालतो.

वर्षातून एकदा घोड्यांच्या शर्यतींना सगळा मुलूख जमतो. मी त्या वर्षी पहिल्यांदाच गेले, आणि तिथे विनला पाहिलं. बुटकी, नाकावर ठिपके, हिरवी टोपी. आवाजावरून मला ती उंच वाटायची. डॉक्टर स्पेन्स नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांना घेऊन आमच्या टेबलापाशी आले.

"या मिसेस टुही," ते म्हणाले. "यांनी एखादा शब्द सांगितला तर लिहून घ्या. यांनी शब्द बदलला तर विमान सुरू करा."

विनचे कान लाल झाले. तिने त्या तरुण डॉक्टरांच्या हातात सँडविचची ताटली दिली आणि उन्हाने सोललेल्या त्यांच्या मानेकडे बघून विचारलं, "जळतंय की नुसतं ताणतंय?"

संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये अकॉर्डियन वाजायला लागलं. आजारानंतर कपडे दुप्पट ढगळ झालेला रेग डनवुडी उठला, आमच्या सगळ्यांच्या समोरून चालत विनपाशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला. आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च करायची त्याची तयारी दिसत होती.

"बाई," तो म्हणाला, "मला नाचता येत नाही."

"मग?"

"तरी चला."

ती उठली. तो तिच्या पायांवर पाय देत होता आणि ती त्याला मोजून पावलं सांगत होती. बाकांवर मुलखातल्या सगळ्या बायका बसल्या होत्या, ज्यांनी तिचं एकेक वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं होतं. माझ्या शेजारी बसलेली बाई, जिला मी तोवर फक्त रेडिओवर ऐकलं होतं, मला कोपराने ढोसून म्हणाली, "ती आमच्या बाजूची हो." बॅरिंगा तिच्या घरापासून शंभर मैलांवर होतं. मी म्हटलं, "आमच्या बाजूची. माझ्यापासून सत्तरच मैल."