सासूबाईंचा दात आणि नवा फोन

बत्तीशीमास्तरांचा जुना फोन वारला तो बादलीत. उरलंसुरलं ओलं प्लास्टर टाकायची बादली कामाच्या टेबलाखाली असे. मास्तर खाली वाकले, फोन शर्टाच्या खिशातून सुळकन आत गेला, आणि मास्तर ‘इथंच तर होता’ म्हणत पाऊण तास घर डोक्यावर घेऊन हिंडले. शेवटी बायकोने आपल्या फोनवरून रिंग दिली तेव्हा बादली वाजली. तोवर प्लास्टरचा दगड झाला होता. मास्तरांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि साच्यातून कवळी सोडवावी तितक्या हळुवार हाताने फोन सोडवला. फोन अखंड निघाला, पण तोवर त्याने प्राण सोडला होता. मागे उरलेला साचा मात्र इतका सुबक होता की कॅमेऱ्याची कड आणि काचेवरचा तडासुद्धा त्यात उमटला होता. मास्तरांनी तो कौतुकाने बायकोला दाखवला. ती म्हणाली, आता यातच हिरड्यांचा गुलाबी मसाला भरा आणि त्याच्यावर बोला.

मास्तर कवळ्या करत. दातांचे डॉक्टर दात करतात असा लोकांचा समज असतो, आणि डॉक्टर तो समज मोडायच्या भानगडीत पडत नाहीत. डॉक्टर फक्त तोंडाचा ठसा घेतात आणि तो मास्तरांच्या घरी, मागच्या खोलीत पाठवतात. तिथे मास्तर तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर गॉगल लावून साचे ओतत, मेणात दात रोवत, कवळी उकळत्या पाण्यात पक्की करत आणि फिरत्या चाकावर चकचकीत करत. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. निम्मं गाव त्यांच्या हातचं हसत होतं, पण त्यांना ओळखत कुणी नव्हतं. बाजारात ते लोकांच्या चेहऱ्याकडे न बघता तोंडाकडे बघत चालत, आणि एखादी आपली कवळी दिसली की उगाच तिच्यामागे चार पावलं जात. त्यावरून दोनदा भांडणं झाली होती.

मास्तरांचं एक मत ठाम होतं. माणसाचा दात पांढरा नसतो. पांढरं असतं ते वॉशबेसिन. दात पिवळा असतो आणि त्या पिवळ्याचे सोळा प्रकार असतात. ते सोळा प्रकार एका पट्टीवर नमुन्याच्या दातांनी ओळीने लावलेले होते, एक नंबर सगळ्यात उजळ आणि सोळा नंबर जन्मभर काळा चहा प्यायलेला. ही पट्टी गिऱ्हाइकाच्या दाताला उजेडात लावायची आणि रंग जुळवायचा, हा खरा रस्ता. पण दुसऱ्यांच्या तोंडातून आलेली पट्टी आपल्या तोंडात घ्यायला लोक का-कू करत, कितीही धुतली तरी. म्हणून मास्तर दवाखान्यात जाऊन दातांचा फोटो काढत आणि घरी येऊन पट्टी फोनच्या काचेला लावत. जुना फोन सगळ्या जगालाच जरा कावीळ झाल्यासारखं दाखवी. तेव्हा जो नंबर जुळेल त्यापेक्षा दोन घरं उजळ दात निवडायचा, असा त्यांचा आडाखा होता. सात वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

नवा फोन घ्यायला ते दुकानात गेले तेव्हा जुन्याच कंपनीचा घ्यायचा हे ठरलेलं होतं. घरात चौदा वर्षं तीच कंपनी नांदत होती. पण दुकानातल्या मुलीने भलत्याच कंपनीचा, सगळ्यात भारीतला फोन त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाचा फोटो काढायला लावला. मास्तरांनी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. घड्याळाच्या काट्यावर माशी बसली होती. माशीचे पाय दिसत होते. मास्तरांचा तिथेच निकाल लागला.

पहिले चार दिवस फोनने त्यांना घरजावयासारखं वागवलं, म्हणजे सगळं त्याच्या कलाने. मागे जायचं बटण जिथे असायचं तिथे नव्हतं, कुठेच नव्हतं. काचेच्या कडेवरून बोट ओढायचं म्हणे. मास्तर बोट ओढत आणि फोन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना लागे. तो इतका गुळगुळीत होता की टेबलावर ठेवला तर आपला आपण निघे. बायकोचा चार्जर त्याला चालेना, तेव्हा तिने विचारलं की हे नवीन पाहुणे आपलं अंथरूण-पांघरूणही घेऊन आलेत का. फोन तोंड बघून उघडत असे, पण मास्क आणि गॉगलमधल्या मास्तरांना तो मालक मानायला तयार नव्हता.

त्यातून कोणी हसलं की आपोआप फोटो काढायची त्याला सवय होती. मास्तरांनी खोलीत कॅमेरा उघडला, समोर फळीवर एकेचाळीस कवळ्या दात विचकून बसलेल्या, आणि फोन जो सुटला तो थांबेना. एकशे तेरा फोटो झाल्यावर मास्तरांनी त्याच्यावर फडकं टाकलं. संध्याकाळी त्याने त्या सगळ्या कवळ्यांचा एक अल्बम करून नम्रपणे विचारलं की ही व्यक्ती आपली कोण. एवढं होऊनही मास्तर फोनवर खूश होते. निदान बायकोसमोर तरी खूश असणं भागच होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात सासूबाईंचा पटाशीचा दात पडला.

सासूबाई वरच्या मजल्यावर राहत. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि समोरच्याला मनातल्या मनात गुण देत बोलण्याची खोड अजून गेली नव्हती. मुलीने कवळ्या करणारा नवरा केला हे त्यांनी सव्वीस वर्षं सहन केलं होतं, पण तोंडातून काढलं नव्हतं. जावई काय करतात असं कुणी विचारलं तर त्या ‘मेडिकल लाइनमध्ये आहेत’ म्हणत आणि हवापाण्याचा विषय काढत. मास्तरांना याचं वाईट वाटे. चारचौघांत सासूबाईंनी एकदा तरी आपल्या कामाचं नाव घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोलाही कधी बोलून दाखवली नव्हती.

रविवारी सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. वीस-पंचवीस नातेवाईक जेवायला येणार होते, सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार होता, आणि समोर ही खिंड. डॉक्टरीणबाईंनी ठसा घेतला, पण दात कुणाकडून करून घ्यायचा हे ठरवायला सासूबाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या आणि मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “जावईबापू, रविवारपर्यंत जमेल का?” सव्वीस वर्षांत त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मास्तरांच्या हातातली मेणाची सुरी खाली पडली.

पट्टी मात्र त्यांनी तोंडाजवळ येऊ दिली नाही. गावभर फिरलेली वस्तू ती, फोटोवर भागवा म्हणाल्या. मास्तर म्हणाले, फोटो तर असा काढतो की माशीचे पाय दिसतील. सासूबाईंना त्यात माशीचं काय काम ते कळलं नाही, पण त्यांनी ओठ वर केला आणि फोटो निघाला. मास्तरांनी पट्टी काचेला लावली. पाच नंबर अगदी तंतोतंत जुळला. ऐंशीव्या वर्षी पाच नंबर म्हणजे बाईंनी दात जपले बुवा, असं म्हणत त्यांनी जुन्या सवयीने दोन घरं उजळ धरून तीन नंबरचा दात उचलला. दोन रात्रींचं काम त्यांनी एका दिवसात केलं. दात काढता-घालता येणारा, पण त्याची टाळूची बाजू अशी घोटली की जिभेला कळू नये.

शनिवारी संध्याकाळी दिव्याच्या उजेडात दात बसला. टाचणीइतकीही फट राहिली नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलेलं. आरशात त्यांना नुसतं धुकं दिसे. तेव्हा मास्तरांनी फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. फोटोत सगळे दात एकसारखे, मोत्यांची माळ ओवल्यासारखे दिसत होते. सासूबाई फोन नाकाशी धरून म्हणाल्या, “छान झालाय.” मास्तर त्या दिवशी जेवले की नाही ते त्यांना आठवत नाही. बायको एकदा आईच्या तोंडाकडे आणि एकदा फोनकडे बघत होती, पण ते मास्तरांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी पाहुणे जमले. खिडक्या उघड्या, ऊन घरात आलेलं, सासूबाई मधल्या खुर्चीत बसलेल्या. गंमत अशी की जो येई तो शुभेच्छा त्यांना देई आणि बोले दाताशी. त्यांची चुलत नणंद हात हातात घेऊन दाताला म्हणाली, तब्येत छान ठेवलीयस गं. लहान पोरं समोर बसून टक लावून बघत होती. मास्तर सगळीकडे फिरून फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटो बघून स्वतःवरच खूश होत होते.

बायकोने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. “अहो, तो दात आधी खोलीत येतो, मग आई येते.”

मास्तरांनी तिच्यापुढे फोटो धरला आणि दाखव यात काय वाईट आहे ते, असं म्हणाले. तिने फोन उपडा करून ओट्यावर ठेवला. “यात नका बघू. आईकडे बघा.”

मास्तरांनी दारातून बघितलं. अठ्ठावीस वर्षं ज्या नजरेने ते दुसऱ्यांची तोंडं बघत आले होते त्या नजरेने त्या आठवड्यात पहिल्यांदाच बघितलं. सासूबाईंचे दात होते अकरा नंबर, फार तर दहा. त्यांच्या मधोमध तो एकटा वॉशबेसिनसारखा लखलखत होता. फोन माणसांचे दात आपल्या अकलेने पांढरे करत होता, हे आता त्यांच्या ध्यानात आलं. फोटोत पिवळे दात उजळत आणि नव्या दाताच्या रांगेत येऊन बसत. वर त्या पांढऱ्यावरही आपण दोन घरं चढलो, या विचाराने त्यांनी कपाळाला हात लावला.

गप्प बसायची सोय होती, हे कबूल करायला हवं. सासूबाईंना आरशात दिसत नव्हतं आणि फोटोत सगळं सुरेख होतं. नातेवाईक तोंडावर काही बोलले नसते. मिळालेलं ‘छान’ मिळालेलंच राहिलं असतं, निदान ऑपरेशनपर्यंत. मास्तर ओट्यापाशी उभे राहून हे सगळं मनात घोळवत होते, आणि तिकडे सासूबाई मनापासून हसत होत्या, त्या चुकलेल्या दातासकट. ते त्यांना बघवेना. त्यांनी मागच्या खोलीतून पट्टी आणली आणि खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले.

“आई, दात चुकला,” ते हळूच म्हणाले. “रंग चुकला.”

सासूबाईंचं हसू थांबलं. किती चुकला, त्यांनी विचारलं. आठ घरं, मास्तर म्हणाले. भूगोलाच्या बाईंनी आठाचा अंदाज घेतला आणि पुढचा प्रश्न केला. “चूक फोनची की तुमची?”

मास्तरांच्या तोंडापर्यंत फोन आला होता. तो त्यांनी गिळला. “माझी. मी तुमच्याकडे बघितलंच नाही.”

पाहुणे माना वळवून ऐकत होते. सासूबाईंनी दोन बोटांनी दात काढला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मग त्या उठल्या, खुर्ची स्वतः ओढत खिडकीपाशी नेली, उन्हात तोंड केलं आणि पट्टीकडे बोट दाखवून ओठ वर केला. मास्तरांनी पट्टी उन्हात धरली. नऊ लावला, दहा लावला, अकरा लावला. चुलत नणंदेला राहवेना. तिने विचारलं की फोटोच्या वेळेला हे काय चाललंय, आणि हे काय डॉक्टर आहेत का.

सासूबाईंनी मास्तरांचा हात मनगटाला धरून जरा बाजूला केला, म्हणजे बोलता यावं.

“डॉक्टर नाहीत. कवळ्या करतात आमचे जावई,” त्या म्हणाल्या. “आणि आता मध्ये बोलू नकोस, ते काम करताहेत.”