कोपर वाकवणारे चाचा

जानेवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळ, कतारमधलं अल खोर. हजर: आमच्या कंपनीचा बेसबॉल संघ, पूर्ण. समोरचा संघ, पूर्ण. पंच दोन. स्कोअर लिहायला मी. सावलीत चाचांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, मांडीवर डबा घेऊन. आणि मैदानाच्या मधोमध, टोपीत बॉल झाकून त्याच्याशी कुजबुजणारे आमचे पिचर, चाचा.

"बॉल टाकायचा नसतो ताई, पाठवायचा असतो," असं ते मला नेहमी सांगत. पाठवायचा म्हणजे सोबत निरोप हवा, म्हणून ती कुजबुज. एकदा मी जवळून ऐकली. "यल्ला, चल बाळा, बॅटकडे बघूसुद्धा नको."

चाचा रत्नागिरीकडचे, आमच्याकडे स्टोअरकीपर. गावी क्रिकेट खेळायचे तेव्हा बॉलिंग करताना त्यांचं कोपर वाकायचं. पंच नो-बॉल द्यायचे आणि सगळी पंचक्रोशी त्यांना ‘फेक्या’ म्हणायची. कतारला आल्यावर कंपनीच्या मैदानावर त्यांनी पहिल्यांदा बेसबॉल पाहिला. माणूस खुशाल कोपर वाकवून बॉल फेकतोय आणि पंच गप्प उभा! "ताई, मला वाटलं हा खेळ माझ्यासाठीच काढलाय कोणीतरी."

एखाद्या खेळाला उशिरा भेटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती त्या खेळाच्या सासुरवाशिणी होतात. घरच्यांपेक्षा रीतिरिवाज त्यांनाच जास्त पाठ. चाचांचं तसंच. त्यांचा जीव अडकला होता नो-हिटरमध्ये. म्हणजे असा सामना, की समोरच्या एकालाही बॉल मारून बेस गाठता येत नाही. अमेरिकेतल्या अंतिम मालिकेला शंभर वर्षं उलटून गेली, पण तिथे हे दोनदाच घडलं. पहिल्यांदा एकट्या पिचरने केलं, तेही कोणाला बेसवर पाऊल ठेवू न देता. ती गोष्ट चाचा डोळे मिटून सांगत. दुसऱ्यांदा चार पिचरनी मिळून केलं. त्याचा विषय काढला की चाचा नाक मुरडत. "चौघांनी मिळून कपाट उचलावं. नो-हिटर एकट्याचा."

हे टोमणे मुख्यतः आमच्या दुसऱ्या पिचरसाठी असत. ते अकाउंट्समधले, सोलापूरचे, म्हणून सोलापूरकर. चाचांना विश्रांती लागली की बॉल त्यांच्याकडे जाई. म्हणजे बहुधा जातच नसे.

चाचांनी आम्हाला एक रीतही घोटून शिकवली होती. नो-हिटर चालू असेल तर पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, तो शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. नाहीतर नजर लागते. आता गंमत बघा. हा नियम करणारा माणूस असा, की जेवताना घासाशीही बोलेल.

त्या शुक्रवारी अंतिम सामना होता आणि समोरच्यांची बॅट हवा कापत होती. अर्धा सामना झाला तरी एकही हिट नाही. मग आमचा संघ हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. एका टोकाला अकरा माणसं दाटीवाटीने, दुसऱ्या टोकाला एकटे चाचा.

"पाणी कोणाला हवंय?" चाचांनी विचारलं. कोणी ऐकलं नाही.

"आज ऊन कमीच आहे." सगळे आकाशाकडे बघू लागले.

शेवटची इनिंग राहिली तेव्हा ते उठून सोलापूरकरांकडे आले. सोलापूरकर बुटाची नाडी बांधायला वाकले. ती आधीच बांधलेली होती. मग चाचा माझ्याकडे आले. "ताई, खांदा उचलत नाहीये." मी स्कोअरशीटवर पेन टेकवून ठेवलं. मला वाटलं, बोलायला कोणी नाही म्हणून काहीतरी काढताहेत. "ताई, खरंच!"

त्यांच्याच नियमाने त्यांना मुकं करून टाकलं होतं. तेवढ्यात सावलीतून भाभींचा आवाज आला. त्यांना ही रीत ठाऊकच नव्हती.

"अवो, त्यांचा हात दुखतोय म्हणतायत! तुमच्या सगळ्यांच्या कानात बोळे घातलेत काय? आणि सकाळपासून एकालाही त्यांचा बॉल मारता आला नाही, मग आता दुसरा कोणीतरी टाका की!"

संघाने एकसाथ डोळे मिटून घेतले. कोणीतरी पुटपुटलं, "खलास."

चाचा मात्र हसले. बराच वेळ बॉल हातात फिरवत उभे राहिले. त्याच हाताने टाकला असता तर कदाचित जमलंही असतं. कदाचित पहिल्याच बॉलला हिट गेली असती आणि संघाचा सामनाही गेला असता. त्यांनी बॉल सोलापूरकरांच्या हातात ठेवला.

"द्या चाचा," सोलापूरकर म्हणाले. "कपाट दोघांनाही उचलता येतं."

"निरोप मी देऊन ठेवलाय. तू फक्त पाठव."

रीत मोडलीच होती, त्यामुळे त्या इनिंगभर चाचा अखंड बोलले. पिचरशी, पंचांशी, बॅटिंग करणाऱ्याशीसुद्धा. बेसबॉलमध्ये तिघे बाद झाले की इनिंग संपते. पहिले दोघे बाद झाले. तिसऱ्याने बॉल उंच उडवला, तो आमच्या फिलिपिनो फील्डरने झेलला आणि चाचा दुखरा हात विसरून दोन्ही हात वर करून धावले. मग "आई गं!" म्हणून खाली बसले. भाभींनी त्यांना तिथेच मातीत डब्यातली तांदळाची मऊ सांदणं भरवली, आणि पळत आलेल्या सोलापूरकरांनाही.

वर्षअखेरीस चाचा नोकरीतून निवृत्त होऊन गावी गेले. सामन्याचा बॉल तोवर माझ्याकडेच होता, कारण दोघांच्या सह्या घेऊन तो चाचांना द्यायचा असं ठरलं होतं. चाचांनी जाण्याआधी बारीक अक्षरात, अगदी कडेला सही केली आणि बाकी सगळी जागा मोकळी ठेवली. सोलापूरकर तयार होईनात. "बॉल चाचांचा आहे, मी शेवटी आलो," एवढंच म्हणतात.

गेल्या आठवड्यात चाचांचा फोन आला.

"त्याने सही केली काय, ताई?"

"नाही. तशीच पाठवून देऊ का? ओळखीतलं एक कुटुंब रत्नागिरीला निघालंय."

"मुळीच नको. अर्धा बॉल घेऊन मी काय करू?"

ते कुटुंब गेलं. उद्या सोलापूरकरांना पुन्हा विचारायचं आहे.