गणूच्या अंगाचा वास

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. अलिबागेत अजून मला वाटेत थांबवून नमस्कार करणारी माणसं आहेत, आणि दर वेळी मनात येतं — किती स्वस्तात मिळतो हो हा नमस्कार!

मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. चौलच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं गाव. गोष्ट एकोणीसशे तिसाच्या सुमाराची. त्या रस्त्याला तेव्हा मोटारी दोन-चारच, त्यातली एक रावसाहेबांची. रावसाहेब मोठे वाडीवाले, शिवाय मानद मॅजिस्ट्रेट. माडी पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्या गरिबांना दंड ठोकायचे, वर संयमावर प्रवचन द्यायचे. स्वतः दुपारच्या जेवणाआधी ब्रँडी घ्यायचे. गावाला माहीत होतं. पण बोलणार कोण? आम्ही शहाणीसुरती माणसं त्यांच्या ओटीवर पान खायला जायचो. मी तर सगळ्यांच्या आधी पोचायचो.

दारू पिऊन मोटार काय, बैलगाडी काय, रस्त्यावर हाकणं तेव्हाही गुन्हाच होता. परवाना जायचा, तुरुंगही व्हायचा. पण माणूस प्यालेला आहे की नाही हे ठरवायचं कोणी? — डॉक्टरनं. तोंडाचा वास घ्यायचा, डोळे बघायचे, चार पावलं सरळ चालायला लावायचं आणि कागदावर सही करायची. एवढाच तो कायदा. माझ्या नाकावर उभा असलेला.

त्या दिवशी भर दुपारी फौजदारानं दोघांना दवाखान्यात आणलं. वळणावर रावसाहेबांच्या मोटारीनं मागून बैलगाडीला धडक दिली होती. गाडी गणूची. गणू माडी काढणारा; नारळाच्या झाडांवर चढायचं, मडकी उतरवायची, गाडीत घालून दुकानावर पोचवायची, हा त्याचा धंदा. धडकेनं मडकी फुटली, गणू माडीनं न्हाऊन निघाला आणि गाडीचं चाक त्याच्या गुडघ्यावरून गेलं.

रावसाहेब माझ्या खुर्चीत बसले. हो, माझ्याच — मीच उठून दिली. डोळे लालभडक, जीभ जड, आणि दोन हातांवरून ब्रँडीचा भपकारा. त्यांनी लिंबूपाणी मागितलं. मी स्वतः पिळून दिलं.

फौजदारानं टेबलावर एकच कागद ठेवला. गणूच्या नावाचा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रावसाहेबांना तपासायची काही गरज नाही ना?"

"छे, छे," मी म्हटलं.

कोणी धमकी दिली नव्हती. लाच दिली नव्हती. नंतर स्वतःला समजवायला तेवढं तरी निमित्त मिळालं असतं! रावसाहेबांनी जाता जाता पाठीवर हात ठेवला — बस्. तेवढ्यावर माझी शेपूट हलली.

गणू कळांनी अडखळत म्हणाला, "डाक्तर, मी कवा पीत न्हाय. झाडाव चढनारा मानूस मी, पिऊन चढंन कसा?"

मी त्याचं तोंड हुंगलं. कांदा आणि भाकरी. दुसरं काही नाही.

मग मी त्याला चालायला सांगितलं. ऐकताय ना? — फुटक्या गुडघ्यानं. दोन शिपायांनी बगलेत धरून उभा केला, सोडला, आणि तो कोसळला. मी लिहिलं: अंगाला माडीचा उग्र वास. बोलणं अडखळतं. पावलं सरळ पडत नाहीत. एकेक शब्द खरा होता, आणि त्याचा मला त्या वेळी — लाज वाटते सांगायला — थोडा अभिमानही वाटला. खाली निष्कर्ष: दारूच्या अमलाखाली. सही. पाय बांधला तो त्यानंतर.

कोर्टात त्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "डाक्तरांनी लिवलंय तर असंल." महिनाभर तुरुंग झाला. माडीचा परवाना गेला. तसाही तो पुन्हा झाडावर चढणार नव्हताच. रावसाहेब साक्षीदार होते. कडक इस्त्रीचा कोट घालून आले होते. मीही.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. हे तर दहा डॉक्टरांनी केलं असतं.

दोनेक वर्षांनी गणू गुडघ्याला लावायला मलम मागायला आला. मलम घेतलं तरी दारातून हलेना. शेवटी म्हणाला, "एक इचारू? नुसत्या वासानं बी चढते का हो? अंगाव सांडली, नाकात गेली, न् मानसाला कळलंच न्हाय — असं व्हतं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. फौजदार नव्हता, रावसाहेब तर तेव्हा हयातही नव्हते. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? काही नाही. तरीही मी डॉक्टरी आवाज काढून म्हटलं, "चढते. कधी कधी चढते."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. काठी काखेत धरून त्यानं दोन्ही हात जोडले.

"मंग माजंच चुकलं. मनात तुमाला लई शिव्या घातल्या मी, डाक्तर. माफी करा."

मी म्हटलं, "असू दे."

मी त्याला माफ केलं.