बाटल्यांवरचं मालवण

"मासा न खाणारी पोर मासे ओळखणार म्हणे!" दारापलीकडे सर मोडक्या कन्नडमध्ये शिपायाला सांगत होते. मी आत स्पिरिटमध्ये ठेवलेल्या बांगड्याची बाटली धरून उभी होते. मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानेच सांगत होते.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमचे सर मूळचे मालवणचे. म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या कॉलेजात प्राण्यांचं संग्रहालय सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे माझ्या तोंडून "पर्वागिल्ल, सर" निघालं की लगेच, "मॅडम, त्याला मराठीत 'चालेल' म्हणतात. घरी कुणी शिकवलं नाही?" मला ते आवडत नव्हते. त्यांना ते ठाऊक होतं, आणि चालतही होतं.

एकदा मात्र त्यांनी बाजारातून ताजा बांगडा आणला आणि अंगठ्याने त्याचं तोंड उघडलं. "आत बघ. कल्ल्यांवर कंगव्यासारखे लांब दाते दिसतात? मग हा आपला बांगडा. दिसले नाहीत, तर दुसऱ्या जातीचा." त्या पाच मिनिटांत ते मला एकदाही 'मॅडम' म्हणाले नाहीत.

कोणता बांगडा कुठल्या किनाऱ्यावर सापडतो, याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे होतं. अकरा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या विरघळल्या होत्या. त्यांच्यापुढे मी ठिकाणाची जागा कोरी सोडली.

"कोरं शोभतं का?" म्हणत सरांनी अकराही ठिकाणी 'मालवण' लिहिलं.

त्यातल्या दोन माशांची तोंडं मी उघडून दाखवली. दाते दिसत नव्हते. ही जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच मिळते, बहुधा अंदमानची. सर वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"स्पिरिटमध्ये दाते आखडतात," ते म्हणाले. "खाली नाव तुमचंच घाला, मॅडम."

तक्ता भिंतीवर लागला. मुलं माझ्या नावाने लागलेलं मालवण वहीत उतरवून घेऊ लागली. वर्षभर मी त्या भिंतीकडे न बघता ये-जा केली.

सर निवृत्त झाले. निरोपाला शाल, हार, कौतुक सगळं झालं. मग प्राचार्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. सभागृहात मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो.

"सर, बांगडा ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत," मी मराठीत म्हणाले. "त्या अकरा बाटल्या कुठल्या, ते आपल्याला माहीत नाही. तक्त्यावरचं मालवण मी आज सकाळी खोडलं."