मोठी बॅटरी

परवा पनवेलच्या बाजारात रबरी हातमोज्यांचा वास आला आणि माझ्या भावाचं कळंबोलीतलं गॅरेज आठवलं बघा. आमच्या बहिणीचा मुलगा तिथे मित्रांबरोबर कॉलेजच्या शर्यतीची गाडी बांधत होता, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. भावाचा जन्म ट्रक दुरुस्त करण्यात गेलेला. बॅटरीची वायर काढली की गाडी थंड, हीच त्याला सवय. तशी पुढच्या छोट्या बॅटरीची वायर काढून त्याने उघडा हात सीटमागे घातला. "मामा, रबरी मोजे घाला ना, मागची मोठी बॅटरी वेगळी आहे, ती अजून चालूच आहे," भाचा हळूच म्हणाला. "आता तू मला शिकव," म्हणत भाऊ हसला आणि विजेचा झटका बसून तसाच गाडीवर कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं. भाचा आता स्वतः बाप झालाय, तरी विचारतो, "मावशी, मी ओरडलो का नाही गं?" मी म्हणते, मामावर कोण ओरडतं रे.