उपटलेला नर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुका होणार, त्या मुलगी सुधारेल. जे घडलं ते मात्र सुधारू नको, असं मी तिला बजावलंय.

मी हॅनोव्हरला मुलीकडे राहतो. बायको गेली आणि गावात एकट्याने भाकरी थापायची माझी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर येतच नव्हती. मुलीच्या घरी कायमचं राहायला जाणं आमच्यात बरं दिसत नाही. लोक तोंडावर बोलत नाहीत, पाठीमागे बोलतात. बोलू देत. जावई पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. माणूस चांगला, पण माझ्याशी काय बोलावं हे त्याला कळत नाही. मलाही कळत नाही. मग आम्ही दोघं आभाळाकडे बघून पावसाबद्दल बोलतो.

ही जायच्या आधी काही महिने अंथरुणाला खिळून होती. मुलगी रजा काढून आली होती. एका दुपारी हिने तिला ट्रंकेतून पावडरचा जुना डबा काढायला लावला. डब्यात चुलीची राख, आणि राखेत भांगेचं बी.

"हे तुझ्या आजीचं," ही म्हणाली. "मी आजारी पडल्यापासून मातीला दाखवलं नाही. आता तू दाखव. नाहीतर मरेल ते."

मी तिथेच, खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मुलगी पाणी आणायला उठली तेव्हा मी विचारलं, "मला का नाही दिलंस?"

"अहो, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

मला राग आला. मरणाऱ्या माणसावर रागवावं का? पण आला. कारण त्यातलं कळणारं घर अख्ख्या तालुक्यात आमचंच होतं.

ते कसं, ते सांगतो. आमच्या भागात एके काळी सरकारच्या परवान्याने गांजा पिकायचा. त्यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. विकायचा तो मादीचा तुरा. पण नर फुलला आणि त्याची धूळ उडाली की मादी बी धरते, आणि बी धरलं की माल गेला. म्हणून नर कळीत असतानाच ओळखायचा, उपटायचा, दोन ठिकाणी मोडायचा आणि बांधाबाहेर फेकायचा. लवकर ओळखणं अवघड. माझ्या बापाला त्यासाठी लांबलांबून बोलावणी यायची. बाप ओळीतून चालत जायचा, थांबायचासुद्धा नाही, हात खाली जायचा आणि झाड वर यायचं. तो म्हणायचा, "एक नर राहिला तर शेत गेलं." परवाने बंद होईपर्यंत मीही त्याच्याबरोबर तेच काम केलं.

हिच्या माहेरची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे भांग औषधाला. बैलाचं पोट फुगलं, म्हाताऱ्या माणसाला झोप येईना, की पाला. लग्न होऊन आली ती बी घेऊनच. जुनी, आमच्याच भागातली, डोंगराखालची जात, बुटकी, देठाला लालसर. पुढे ती कुठेच राहिली नाही. लोकांनी भीतीने टाकली. ज्यांनी चोरून लावली त्यांनी बाहेरचं बी आणून भेसळ केली. हिने मात्र घरामागे, तुरीच्या आड, एकदोन वर्षांआड पेरून बी ताजं ठेवलं. तिकडे तो गुन्हा होता, आजही आहे.

मी म्हणायचो, "एक दिवस मला बेड्या पडतील तुझ्यापायी."

ती म्हणायची, "तुमच्या हातात बसतील एवढ्या मोठ्या बेड्या सरकारकडे नाहीत. जेवा."

इथे जर्मनीत कायदा बदलला आणि मोठ्या माणसाला घरी झाडं लावायची मुभा मिळाली. मुलगी कायदा वाचून, पाठ करूनच बसली होती.

"माझी तीन, ह्यांची तीन," ती म्हणाली. "कुंपणाच्या आत, पोराबाळांचा हात पोचणार नाही अशी."

"आणि माझी?"

"तुम्ही राखणदार, आप्पा."

डब्यातून इथे आणलेलं सगळं बी तिने ओल्या फडक्यात घातलं. बरंचसं कुजलं. मूठभर बियांतून मोजकीच रोपं वर आली, त्यातलं एक इथल्या गोगलगाईंनी खाल्लं. इथली गोगलगाय म्हणजे बोटाएवढी, तांबडी, घर नसलेली. शेवटी चार कुंड्या राहिल्या. ती चार रोपं जगली तर जात जगणार, नाहीतर संपली. मुलीला ते माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दुसरी अडचण उजेडाची. हे झाड दिवस लहान व्हायला लागले की फुलतं. इथे उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतरही ऊन असतं. झाडाला कळतच नाही की वय झालं. ते आपलं वाढतच राहतं, आणि फुलायच्या आत थंडी येऊन मारते. मग मुलीने उपाय काढला. ऑगस्ट लागल्यापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की चपला न काढता कुंड्या उचलायच्या आणि खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काळोखात नेऊन ठेवायच्या. सकाळी पुन्हा वर. जावयाची पाठ दुखायची. तरी तो एक कुंडी घ्यायचा. मी पुढे होऊन दार उघडायचो, एवढंच माझं काम.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन म्हातारी राहते. ती एकदा जिन्यात थांबली आणि मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी "जा, जा, गेनाऊ" म्हणाली, म्हणजे हो, हो, अगदी, आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, झाडांना पण रोज झोपवायला नेता का?"

तर एके दिवशी मुलगी मला म्हणाली, "आप्पा, नर-मादी तुम्ही ओळखाल ना? मी फोटो बघून बघून चुकते."

"डोळे झाकून ओळखीन."

"मग दिसलं की मला सांगा."

मला किती बरं वाटलं काय सांगू. या देशात आल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. बसचं तिकीटसुद्धा तीच काढायची, तिच्या फोनवर.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती दोघं कामावर गेली. मी चहा घेऊन मागच्या अंगणात गेलो. कोपऱ्यातल्या कुंडीत फांदीच्या बेचक्यात बारीक गोल कळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्यासुद्धा नाहीत. बाकीच्या तिघींना पांढरे केस फुटलेले, म्हणजे माद्या. नर एकटा हाच. मी चहा खाली ठेवला. हात खाली गेला आणि झाड वर आलं. मुळांची माती झटकली, दोन ठिकाणी मोडलं, आणि तपकिरी डब्यात टाकलं, तो ओला कचरा टाकायचा असतो त्यात. हात धुतले, चहा प्यायलो. चहा अजून गरम होता. डोळे अजून शाबूत आहेत, बापाचा मुलगा आहे मी, असंही मनात आलं.

मग मी स्वतःहून तिला फोन लावला. मी तिला ऑफिसात कधी फोन करत नाही.

"नर काढला बघ. अगदी वेळेवर. कळी उमलली नव्हती."

पलीकडे टकटक ऐकू येत होती, ती थांबली.

"ऐकू येतंय का?"

"काढला म्हणजे?"

"उपटला."

"आप्पा," ती म्हणाली, "आता बी कशातून येणार?"

ओळखायचं म्हणजे उपटायचं, दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं कोणी. पण हे मी आता लिहितोय. तेव्हा एवढंच कळलं की आपण खाल्लं. जे तिच्या आईने जन्मभर सांभाळलं ते आपण चहा निवायच्या आत खाल्लं.

ती म्हणाली, "डब्यातून बाहेर काढा. पाण्यात ठेवा. मी येतेय."

डबा खोल असतो. झाड तळाशी गेलेलं, आणि मधल्या वेळात कोणीतरी वर बटाट्याच्या साली आणि कॉफीचा चोथा टाकलेला. मी पोटापर्यंत आत वाकलो. तेवढ्यात मागून आवाज. वरची म्हातारी. जर्मनमध्ये काहीतरी विचारत होती. मी हातातली मोडकी फांदी तिला दाखवली आणि "जा, जा" म्हणालो, दुसरं काही येत नाही म्हणून. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने बघितलं. ती आत गेली. मला वाटलं, तक्रार करायला गेली. ती बागेतलं लहान दाताळं घेऊन आली, मला बाजूला सारलं आणि स्वतः साली उकरायला लागली.

मुलगी धावतच आली. मी पेल्यात लावलेल्या फांद्या तिने बघितल्या. बहुतेक चिरडलेल्या. मी काम चोख केलं होतं ना, दोन ठिकाणी मोडून. तिने कात्रीने टोकं पुन्हा तिरकी कापली, पाणी बदललं, पेला खिडकीत ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? आईने तुम्हाला दिलं नाही म्हणून राग होता ना तुम्हाला?"

"तुला वाटतं मी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही, आप्पा. तेच तर. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

ती कुंड्या घेऊन तळघरात गेली. त्या दिवशी दार उघडायला तिने मला हाक मारली नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्या खिडकीपाशी काढले, आणि सारखं एकच डोक्यात. हिने बी धरलं म्हणजे दर वेळी नर उभा ठेवला असणार. आमच्या घरामागे, तुरीच्या आड, फुललेला नर. गोठ्याची वाट तिथूनच. मी दिवसातून किती वेळा त्या वाटेने गेलो असेन. डोळे झाकून ओळखीन म्हणणारा मी. एकदा जरी दिसला असता तर मी उपटला असता, नाहीतर हिच्याशी भांडलो असतो. दोन्ही झालं नाही. म्हणजे मी कधी बघितलंच नाही. बेड्यांची भीती वगैरे बोलायला होती. मला त्यात रस नव्हता, जसा तिच्यातही नव्हता. भाकरी वेळेवर यायची, माझं काम झालं. ती म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतं, ते टोमणा म्हणून नाही म्हणाली. तिला खरंच ठाऊक होतं.

फांद्या एकेक करून माना टाकत गेल्या. एक मात्र राहिली. तिच्या कळ्या फुगल्या, आणि एका सकाळी खिडकीच्या पांढऱ्या फळीवर पिवळी धूळ पडलेली दिसली. मी हात लावला नाही. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला. मुलगी कामावर निघाली होती, तिला ओरडून बोलावलं. तिने पिशवी टाकली, जावयाचा दाढीचा कोरा ब्रश आणला आणि धूळ उचलून माद्यांच्या केसांवर फिरवली.

"तुम्ही तिकडे बसा," ती मला म्हणाली. मी तिकडे बसलो.

"ब्रश परत मिळणार का?" जावयाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

बी धरलं. थंडी आली तशा कुंड्या दिवाणखान्यात आल्या, आणि ऑक्टोबर सरता सरता तुऱ्यांत टपोरं, पट्ट्यापट्ट्यांचं बी दिसायला लागलं. जावई म्हणाला, "आप्पा, झालं ना आता? सोडून द्या." तो मनापासून म्हणाला. पण मी शेतकरी आहे, मला माहीत आहे काय झालं ते. सगळं बी एका नराच्या एका मोडक्या फांदीचं. धूळ चिमूटभर, म्हणून बीही थोडंच. उरलेल्या फांद्या जगल्या असत्या तर ओंजळभर आलं असतं, चार ठिकाणी वाटून ठेवता आलं असतं. आता एक वर्ष गोगलगाई जास्त आल्या की विषय संपला. हे मी जावयाला सांगितलं नाही. मुलीला सांगायची गरज नव्हती.

रविवारी ती ताटात तुरे चोळत बसली होती. मी समोर. बोलावलं नव्हतं, पण ऊठ असंही म्हणाली नाही. चोळता चोळता तिने आपला पंजा नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

"आईच्या हाताला हाच वास यायचा," ती म्हणाली. "शाळेत सोडायला यायची तेव्हा. हो ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलताय."

"हो. मला नाही आठवत."

मला वाटलं ती उठून जाईल. ती उठलीच, पण ताटाला वळसा घालून माझ्याकडे आली, चिकट हिरवा पंजा माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "घ्या. आता तरी नीट घ्या."

मी घेतला. कच्च्या कैरीच्या कोयीसारखा, खाली थोडा राखेसारखा. डोळे मिटून पुन्हा घेतला. तिने हात मागे घेतला नाही.